दांडीवरची सीट

बीदर, चौबाऱ्याजवळ
१४ मार्च १९५५

मल्लव्वा अक्का आणि थोरले अण्णा यांना धाकट्या शिवगंगेचे शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र पोचलं. चारच ओळींचं होतं, पण चारही ओळी सरळ आणि अक्षर कसं टपोरं. “सर्व खुशाल आहे. ज्वारी बरी आली. म्हैस व्याली. तुमची खुशाली कळवावी.” वाचून बरं वाटलं. म्हशीला रेडी झाली की रेडा, एवढं तरी लिहायचं होतंत! दिवाळीपासून तुमच्या पत्रांचं अक्षर बदललंय. जुन्या गुरुजींची बदली झाली असं तुम्ही कळवलं होतं, तेव्हा हे नवे गुरुजी दिसतात. कुठं शाई सांडलेली नाही, खाडाखोड नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि माझी पत्रं वाचून दाखवताना घाई करू नका म्हणावं. मी लांबलचक लिहिते हे मला ठाऊक आहे.

इकडं आम्ही तिघं बरी आहोत. इरव्वा तीन वर्षांची झाली आणि दिवसभर बोलून माझं डोकं उठवते. ह्यांचं सायकलीचं दुकान चाललंय. पूर्वी सायकल म्हणजे गड्यामाणसांची गोष्ट होती, आता लोक बायकापोरांना घेऊन सायकल बघायला येतात, जसं काही मुलगीच बघायला आलेत. बायका ह्यांच्याशी बोलायला लाजतात, म्हणून त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडं आलं. परवा कचेरीतले कारकून शंकरप्पा आले. त्यांना एकाच सायकलीवर अख्खं घर हवंय. धाकटी दांडीवरच्या छोट्या सीटवर, मधला मागं कॅरियरवर वेताच्या खुर्चीत, आणि थोरला? “त्यो पळत यील की शेजारनं,” म्हणाले. बायको बिचारी हळूच म्हणाली, “आनि मी कुटं बसू?” तर हे म्हणतात, “तू घर सांबाळ.” मी त्यांना सांगितलं, शंकरप्पा, तुम्ही बैलगाडीच घ्या. मग हसले, आणि दांडीवरची सीट घेऊन गेले. पाय ठेवायच्या पट्ट्या आणि चाकाच्या तारांवर जाळी घेतल्याशिवाय मी ती सीट दिली नाही. तारांत टाच गेली की लेकरू आयुष्यभर लंगडतं, आणि आईबाप नशिबाला बोल लावतात.

मुलांचं मापही मीच घेते. सोपं आहे. पोराला सायकलीशेजारी उभं करायचं, सीट त्याच्या काखेत द्यायची, हात सरळ खाली सोडायला लावायचा. बोटांची टोकं पायडलच्या आसाला टेकली की सायकल त्याच्या मापाची. बोटं वर राहिली तर सायकल मोठी, आसाच्या खाली गेली तर लहान. आईबापांना नेहमी मोठीच हवी असते. “पोरगं वाढायलंय, अजून दोन वर्सं चालंल,” म्हणतात. वाढीच्या मापाचा सदरा शिवता येतो, सायकल नाही. सदरा ढगळ झाला तर लोक हसतात, सायकल ढगळ झाली तर गुडघे फुटतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझा लिंगराज यंदा चौथी पास होईल. तुमच्या निर्णा गावात शाळा चौथीपर्यंतच. दिवाळीच्या पत्रात मी विचारलं होतं की पुढच्या शाळेसाठी त्याला इकडं ठेवून घेऊ का. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, तेव्हा मी काय ते समजले. तुमचं चुकलं नाही. त्याचे अप्पा, थोरल्या अण्णांच्या पाठचे, पटकीत गेले आणि वर्षानं माझी उडकी ठरली, तेव्हा मठात पंचांसमोर बोलणं झालं होतं. नवरा गेलेल्या बाईनं दुसरं घर करावं, आपल्यात त्याला कुणाची ना नाही, पण लेकरू पहिल्या घरचं, आणि बाईनं त्या घरचा उंबरा पुन्हा चढायचा नाही. मी मान हलवली होती. चार वर्षांच्या त्याला तुम्ही पदराखाली घेतलंत आणि तुमच्या काशप्पाबरोबर वाढवलंत. हे मी विसरलेली नाही.

पण मन्नाएखेळीची शाळा दोन कोसांवर. जाऊन येऊन चार कोस हे पोरगं उन्हातान्हात चालणार, आणि वर्षभरात थोरले अण्णा म्हणतील, पुरे झाली शाळा, औत धर. अण्णांना दोष देत नाही. चालून थकलेलं पोर घरात दिसलं की कुणीही तेच म्हणेल. म्हणून मला त्याला सायकल द्यायची आहे. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “इचारतीस कामून? दे की.” माणूस तसा आहे.

अडचण एकच. कोणती द्यायची? मी निघाले तेव्हा तो उभा राहिला की त्याचं डोकं माझ्या इथं लागायचं. हे मी हातानं दाखवतेय आणि पत्रात लिहितेय, काय माझं शहाणपण! सहा वर्षांत मी त्याला पाहिलेलं नाही. रस्त्यानं दहा वर्षांची पोरं निघाली की मी त्यांना डोळ्यांनी मापत बसते. एक माझ्या कमरेला लागतो, दुसरा खांद्याला, आणि दोघंही दहाचेच. तेव्हा अक्का, एवढं करा. एक दोरा घ्या आणि काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत त्याचा हात मोजा, त्याला एक गाठ मारा. दुसरा दोरा जांघेपासून टाचेपर्यंत, त्याला दोन गाठी. दोन्ही पाकिटात घालून पाठवा. बाकी मी बघते.

सायकल थोरल्या अण्णांनी घेतली असं त्याला सांगा. माझं नाव काढू नका. तो कधी सायकलीवरून काही बोलतो का हो? लहानपणचं काही आठवतं का त्याला? नको, विचारू नका. राहू द्या.

दोऱ्याची वाट बघते. थोरल्या अण्णांना नमस्कार, काशप्पाला आणि त्याला आशीर्वाद.

तुमची धाकटी,
शिवगंगा


बीदर
२७ जून १९५५

मल्लव्वा अक्कांना शरणु. थोरले अण्णा बरे असतील. म्हैस बरी असेल. झाली खुशाली.

तुमचे दोरे एप्रिलात आले. पाकीट उघडलं आणि मी एका गाठीचा दोरा ताणून धरला. एवढासा! दहा वर्षांच्या पोराचा हात एवढासा? आधी मनात आलं की खायला मिळत नाही की काय लेकराला. मग माझीच मला लाज वाटली. म्हटलं, त्याचे अप्पाही ठेंगणेच होते, बापावर गेला असेल. तो दोरा मी गालाला लावला, मनगटाला गुंडाळला. सहा वर्षांत त्याच्या अंगाला लागलेली एकच वस्तू माझ्या हातात आली होती.

दुकानातली अठरा इंचीसुद्धा त्या मापाला मोठी पडली. ह्यांनी हैदराबादेहून मुलांची छोटी सायकल मागवली. ती लाल होती. लालवर चिखल लवकर दिसतो म्हणून मी स्वतः हिरवी रंगवली. चड्डीचा काठ चेनमध्ये अडकू नये म्हणून चेनकव्हर लावलं आणि त्यावर पांढऱ्या रंगानं एक फूल काढलं, पाच पाकळ्यांचं, एक पाकळी जरा वाकडी झाली. दप्तरासाठी कॅरियर. घंटी दोन वाजवून बघितल्या, कर्कश होती ती काढून गोड आवाजाची लावली. दिवा मुद्दाम लावला नाही. दिवा असला की पोरं अंधार पडेपर्यंत घरी येत नाहीत. पंपसुद्धा बांधून दिला. इकडं दुकानात लोकांचा वाद चाललाय की हे हैदराबादचं राज्य मोडणार, बीदर म्हैसुरात जाणार की मुंबईत, आणि मी आपली ब्रेकच्या रबरात गुंग. हे म्हणाले, “आता त्या सायकलीला हळद लावायची तेवडी ऱ्हायली.” मोटारीच्या टपावर चढवली तेव्हा दोन ठिकाणी बांधलंय ना, हे मी तीनदा विचारलं.

काल तुमच्या गावचा हरिबा तुरीची पोती घेऊन बाजाराला आला होता. भाड्यानं सायकल न्यायला दुकानात आला. मला ओळखलं आणि आपणहून म्हणाला:

“लई झ्याक सायकल धाडलात, शिवगंगाक्का. काशप्पा गावभर फिरवायलाय. पाय कसं बरूबर टेकत्यात, मापावर केल्यावानी.”

मी विचारलं, “आनि लिंगराज?”

“त्ये हात लावत न्हाई. चालत जायलंय शाळेला. आनि त्याला बसंल व्हय ती? ताडावानी वाढलंय पोरगं. माज्या खांद्याला लागायलंय आता.”

अक्का, हे तुम्ही काय केलंत? माझ्या लेकराचं माप मागितलं आणि तुम्ही तुमच्या लेकराच्या हाताला दोरा लावलात? काशप्पा दोन वर्षांनी लहान. त्याचा दोरा मी मनगटाला बांधून हिंडले. लिंगराजचा हात एवढा बारका कसा राहिला म्हणून जीव जाळला, आणि तो हात त्याचा नव्हताच. काशप्पासाठी हवी होती तर मागायची होतीत. दोन दिल्या असत्या. हे सायकलीचं दुकान आहे, इथं सायकलींची वाण नाही. पण तुम्ही मागितली नाहीत, चोरलीत. होय, चोरलीत म्हणते. पोटच्या पोरासाठी पुतण्याचं तोडलंत, आणि तो चार कोस चालताना रोज उंबऱ्यातून बघताय.

सहा वर्षांत मी तुमच्याकडं काय मागितलं? साडी नाही, माझी भांडी मागितली नाहीत. दोन दोरे मागितले.

एवढं लिहून मी उठले आणि पाणी पिऊन आले. फाडून टाकावं असं वाटलं, पण फाडणार नाही. गुरुजींनी हे मोठ्यानं वाचावं आणि तुम्ही ऐकावं. मात्र पुढचंही ऐका. ती हिरवी काशप्पालाच राहू द्या. लेकराच्या हातातून मी काढून घेणार नाही. पण मला खरं माप पाठवा. हरिबाच्या खांद्याला लागतो म्हणजे वीस इंची लागेल. एक वीस इंची मी भिंतीशी लावून ठेवली आहे, भाड्याला देत नाही. सीट किती वर करायची तेवढं दोरा आला की ठरवीन.

तुमची कोण म्हणून सही करावी ते सुचत नाही, म्हणून नुसतीच,
शिवगंगा


बीदर
१९ ऑगस्ट १९५५

मल्लव्वा अक्का आणि थोरले अण्णा यांना शरणु शरणार्थी.

ही ओळ पत्राच्या वर असायला हवी म्हणून लिहिली. पत्र तुझं आहे, लिंगराज. दिवाळीपासूनची सगळी तुझ्याच हातात पडली, पण ती तुला लिहिलेली नव्हती. हे आहे. अक्का जवळ बसल्या असतील तर आता घडी घाल, खिशात ठेव, आणि उद्या शाळेच्या वाटेवर वाच.

तू येऊन गेलास त्याला आठ दिवस झाले. तू काय बघितलंस ते मला माहीत नाही. मी काय बघितलं ते सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती तुझ्या लक्षात आली असेल.

सकाळी एक पोरगा छोटी सायकल ढकलत दुकानासमोर आला. मान खाली. पंक्चरवाली पोरं अशीच येतात, बाप मारील म्हणून घाबरलेली. मी सवयीनं म्हटलं, ये, उभं राहा, बघू. सायकल फारच लहान दिसली म्हणून सीट काखेत दिली, हात खाली सोडायला लावला. बोटं आसाच्या वीतभर खाली गेली. मी हसले. म्हटलं, “बाळा, ही तुजी न्हवं. धाकट्या भावाची आनलास व्हय?”

“व्हय,” तू म्हणालास. “काशप्पाची.”

तेव्हा मी सायकलीकडं बघितलं. हिरवा रंग, चेनकव्हरवर फूल, एक पाकळी वाकडी. मी आधी सायकल ओळखली, लिंगराज. तुला नंतर ओळखलं. तुझा हात माझ्या हातात होता, काखेपासून बोटांपर्यंत मी तो मोजला, आणि मला काही कळलं नाही. सहा वर्षं मी मनाशी म्हणत होते की हजार पोरांत उभं केलं तरी ओळखीन. तिथं तू एकटा होतास.

“अण्णा कचेरीत बसल्यात,” तू म्हणालास. “ही परत द्यायला आलोय. मोटारीच्या टपावर घालून आनलो.”

“कामून रे? माप चुकलं म्हनून?”

“माप चुकलं न्हाई. मीच काशप्पाचं घेतलो. मला तुमची सायकल नको व्हती. त्याला लई हौस.”

तू मला तुम्ही म्हणालास. आईला कुणी तुम्ही म्हणत नाही. ते तिथंच मला लागलं, पण मी दाखवलं नाही. मी विचारलं, मग आता परत का आणलीस, काशप्पा रडत असेल. “रडायलाय,” म्हणालास. “पन तुमी आईला चोर म्हनलात. मंग ठिवायची कशी?”

आई म्हणजे अक्का, हे समजायला मला क्षणभर लागलं. मग दुसरं समजलं. मी विचारलं, ते पत्र तुला कुणी दाखवलं? आणि तू म्हणालास, “दाखवायचं काय? मीच वाचतो. आईला कुटं येतंय वाचाय? लिवतो बी मीच.”

ते टपोरं अक्षर तुझं होतं. मी त्या अक्षराला नमस्कार सांगत होते. माझं नाव काढू नका, असं मी तुलाच लिहिलं होतं. अक्कांना काय वाचून दाखवतोस विचारलं, तर म्हणालास, “सगळं खुशाल हाय म्हनून सांगतो. सायकल काशप्पाला धाडलात म्हनून सांगितलो, आता तुमीच परत मागवलात म्हनून. दिवाळीचं पत्र सगळं वाचलो व्हतो. तुमी मला इकडं ठिवून घेतो म्हनलात त्यात. आई दोन दिस जेवली न्हाई. तवापासनं वाचत न्हाई.”

म्हणजे अक्कांनी मापाचं ऐकलंच नव्हतं. माझा राग ऐकला नाही, आणि चोर म्हटलेलंही ऐकलं नाही. सगळं तू एकट्यानं ऐकलंस, आणि घरात येऊन म्हैस, ज्वारी, खुशाली सांगितलीस. दहा वर्षांचा तू. अक्कांना हे कधी कळू देऊ नकोस, आणि माझ्या वतीनं त्यांची माफीसुद्धा मागू नकोस, कारण मग कशाची माफी ते सांगावं लागेल.

मी तुला भिंतीशी लावलेली वीस इंची दाखवली. नको म्हणालास. हिरवी काशप्पासाठी तरी परत ने म्हटलं, तर त्यालाही नको म्हणालास. एका पत्रात मी त्या लेकराची सायकलही घालवली. पाणी दिलं ते प्यायलास. तेवढं मी बघून घेतलं, तांब्या दोन्ही हातांनी धरतोस, अजून तसाच.

तेवढ्यात हे आले, किल्ल्याकडून इरव्वाला फिरवून. ती दांडीवरच्या सीटवर बसली होती, पट्टा बांधलेला, पाय पट्ट्यांवर, हातानं घंटी वाजवत. ह्यांनी तुला एका नजरेत ओळखलं. त्यांनी तुला फक्त एकदा बघितलं होतं, सहा वर्षांपूर्वी. ते सायकल धरून उभे राहिले. तू त्यांना शरणु केलंस. मग त्या सीटकडं बघितलंस. किती वेळ बघितलंस! आणि म्हणालास, “सीट लावलात की.”

एवढंच बोललास आणि कचेरीच्या बाजूला गेलास. चालत गेलास, पळाला नाहीस. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारू?

म्हणजे तुला आठवतंय. मार्चच्या पत्रात मी विचारत विचारत थांबले ते हेच होतं. तुला आठवत नसावं म्हणून सहा वर्षं मी देवाला हात जोडले. आता जे तुला अर्धं माहीत आहे ते पुरतं सांगते.

मठात उडकी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे सायकल घेऊन मला न्यायला आले. मी कॅरियरवर बसणार होते. तू दांडीला धरून उभा राहिलास आणि म्हणालास, “मी म्होरं बसतो.” मी म्हणाले, “दांडी टोचती बाळा. तुज्यासाटी छोटी सीट लावून आनतो, मंग तुला न्यायला येतो.” तू विचारलंस, “उद्या?” मी म्हणाले, “व्हय, उद्या.” तू लगेच दांडी सोडलीस. रडला नाहीस, पाठीमागं धावला नाहीस. तू धावला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू वेशीच्या दगडावर बसलास, उद्याची वाट बघायला. मी मागं वळून बघितलं तेव्हा तू हात हलवत होतास.

मला कुणी ओढून नेलं नव्हतं. पंचांनी जबरदस्ती केली नाही, अक्कांनी हाकललं नाही. मी बावीस वर्षांची होते आणि मला त्या घरात पांढऱ्या कपाळानं म्हातारं व्हायचं नव्हतं. मला जगायचं होतं. तुला सोडावं लागेल हे माहीत असून मी मान हलवली.

आणि ती सीट. ती इरव्वासाठी केलेली नाही. आम्ही बीदरला आलो त्या आठवड्यातच ह्यांनी ती केली. मी हातानं तुझी उंची दाखवली, त्यावरून त्यांनी फळी कापली, वेताची पाठ विणून घेतली, कातड्याचा पट्टा लावला. मग म्हणाले, “चल, लेकराला एक चक्कर मारून आनू. शबूद दिलीस न्हवं?” मी म्हणाले, पंच काय म्हणतील. पंचमीला पुन्हा विचारलं त्यांनी. म्हणाले, गावात जायचं न्हाई, वेशीपासनंच परत फिरू. मी म्हणाले, त्याला आता विसर पडला असेल, कशाला आठवण द्यायची. खरं ते नव्हतं. तू दांडीवर बसलास तर मी तुला उतरवू शकणार नाही, आणि मग हे नवं घर मोडेल, याची मला भीती होती. चार वर्षं ती सीट दुकानात खुंटीला होती. गिऱ्हाइकं मागायची, हे म्हणायचे, विकायची न्हाई. मग इरव्वा बसायला लागली आणि एक दिवस मीच ती काढली, धूळ पुसली आणि दांडीवर लावली.

सीट होती, सायकल होती, न्यायला माणूस तयार होता, रस्ता तर होताच. मी आले नाही.

हे कळून तुला बरं वाटेल असं मला वाटत नाही. सीट केलीच नव्हती असं समजून तू गेलास, ते कदाचित बरं होतं. पण तू माझ्यापायी इतकं खोटं वाचलंस, एकदा तरी तुझ्या हातात खरं पडावं.

वीस इंची मी काल भाड्याला दिली. तुझं माप आता मला माहीत आहे, पण ते पुढच्या वर्षी चालणार नाही, आणि नवं माप तू देणार नाहीस. हिरवी दुकानाच्या मागं उभी आहे. इरव्वा त्यावर बसायला हट्ट करते. तिला अजून तीन-चार वर्षं लागतील.

शाळेत चालत जातोस तर वाटेच्या कडेनं जा. शाळा सोडू नकोस, असं सांगायचा मला हक्क नाही, तरी सांगते. अक्कांना आईच म्हण. त्या आई आहेतच.

तुला न्यायला येण्याचं मी आता लिहिणार नाही, सायकलीचंही नाही. यापुढची पत्रं सगळी मोठ्यानं वाचता येतील अशीच लिहीन, म्हणजे तुला काही लपवावं लागणार नाही. हे एवढं चुलीत टाक. अक्का विचारतील, बीदरहून काय आलंय, तर खालच्या दोन ओळी त्यांच्यासाठी लिहून ठेवते. तेवढ्या त्यांना ऐकव.

इकडे सर्व खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.

तुमची धाकटी,
शिवगंगा